पुढचा चेंडू

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'खेळ आणि जीवन'. जीवनावर बोलायला इथे माझ्यापेक्षा अधिकारी माणसं बसली आहेत, तेव्हा मी खेळावरच बोलतो. त्यातही फुटबॉलवर, आणि त्यातही एकाच गोष्टीवर. एखाद्या पोराचा सामना वाईट गेला, की त्यानंतरच्या दिवसांत त्याचं काय होतं आणि आपण मोठी माणसं त्यात काय करतो.

सकाळपासून बऱ्याच जणांनी मला ओळखलं नाही. दोष डोक्यावरच्या केसांचा आहे, ते राहिले नाहीत. मी 1992 च्या दहावीचा, ब तुकडी, मागून दुसरा बाक. शाळेच्या संघात डावा बचावपटू होतो. नोकरीमुळे नवी मुंबईत राहतो आणि गेली काही वर्षं रविवारी सकाळी तिथल्या लेकरांना फुटबॉल शिकवतो. त्यासाठी फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा कोर्सही केला. पगार नाही, पण घरातून तीन तास बाहेर राहता येतं.

आपलं मैदान आठवतं ना? काळी माती. उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की हरवलेला कंपास त्यात सापडायचा. आणि शालेय स्पर्धा नेमक्या ऑगस्टात, भर पावसात. बुटाला किलो-किलोचा चिखल, चेंडू उसळायचं नाव घेत नाही, अन् ओला झाला की साबणाच्या वडीसारखा. मुंबईची पोरं कृत्रिम हिरवळीवर खेळतात. त्यांना मी सांगतो, बाबांनो, परभणीच्या मातीत येऊन एक गोल अडवून दाखवा.

अशाच एका ओल्या चेंडूपासून ही गोष्ट सुरू झाली. यंदाच्या ऑगस्टात आपल्या शाळेचा सतरा वर्षांखालचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळला. गोलकीपर नववीतला. त्याचं नाव मी सांगणार नाही, आणि आज तो या मंडपात आहे की नाही हेही सांगणार नाही, त्यामुळे माना वळवू नका. लांबून आलेला साधा चेंडू त्याच्या हातांतून निसटला आणि दोन पायांच्या मधून जाळ्यात गेला. दुसऱ्या गोलाच्या वेळी पुढे यायचं की मागे थांबायचं, या विचारात तो मधेच उभा राहिला. सामना 0-2 गेला, शाळा बाहेर.

इथपर्यंत विशेष काही नाही. गोलकीपर आहे म्हटल्यावर गोल होणारच. पण पहिल्या गोलाचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचं नाव पडलं 'चाळणी'. तो व्हिडिओ फिरत फिरत आपल्या बॅचच्या ग्रुपवरही आला. कोणी टाकला ते मी सांगत नाही. खाली हसणारे चेहरे किती आले ते मात्र मोजले होते. सतरा. त्यातले निदान आठ-नऊ जण आता समोर बसले आहेत आणि एकमेकांकडे बघताहेत.

पोराने मैदानावर येणं बंद केलं. खेळाचे तास असतील त्याच दिवशी सकाळी पोट दुखायचं. घरच्यांनी डॉक्टर केला, ओवा दिला, नजर काढली. वडील म्हणाले, बरं झालं, दहावी जवळ आलीय, आता अभ्यास कर. शाळेतल्या खेळाच्या सरांनी दोनदा घरी जाऊन पाहिलं. मग त्यांनी मला फोन केला, कारण महालक्ष्म्यांच्या सणाला मी गावी येणार हे त्यांना माहीत होतं.

मी त्याला भेटलो ते मैदानावर नाही, त्याच्या घराच्या ओट्यावर. फुटबॉलचं नाव काढलं नाही. बराच वेळ गेल्यावर तोच म्हणाला, "काका, चेंडू येतो ना, तेव्हा मला चेंडू दिसतच नाही. निस्ते माझे हात दिसतात."

मित्रांनो, कोर्समध्ये आम्हाला जे शिकवलं ते या लेकराने एका वाक्यात सांगितलं. भीती वाटली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं. काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्या वर चालतो, हात गार पडतात. मागे कुत्रं लागलं तर याचा उपयोग आहे, पळायला बळ येतं. पण चेंडू झेलायला बोटं मऊ लागतात, आणि तीच आखडतात. दुसरी गोष्ट याहून वाईट. जे काम हातांना न सांगता येतं, त्याच्याकडे मन मुद्दाम लक्ष द्यायला लागतं. भाकरी थापणाऱ्या आईला मधेच विचारा, "आधी कोणतं बोट फिरवतेस गं?" भाकरी तुटलीच म्हणून समजा. या पोराचं तेच झालं होतं. चेंडूवरचं लक्ष उठून हातांवर बसलं होतं. अशा मुलाला "घाबरू नको", "मन एकाग्र कर", "विसरून जा" हे सांगून काही होत नाही. विसरायला सांगितलं की आठवतंच. आणि "एकाग्र हो" म्हटलं की तो आणखी हातांकडेच बघतो.

नॉर्वेत गेइर यॉर्डेट नावाचे एक संशोधक आहेत. मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्टी किकचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. शिट्टी वाजल्याबरोबर घाईघाईने चेंडू मारून मोकळे होणारे खेळाडू जास्त चुकतात, असं त्यांना दिसलं. गोष्ट आपल्या ओळखीचीच आहे. तोंडी परीक्षेत आपणही असंच भरभर बोलून सुटका करून घ्यायचो. बाईंना आठवत असेल. घाबरलेल्या माणसाला काम नीट करण्यापेक्षा ते संपवण्याची घाई असते.

आता तुम्हाला परभणीहून थोडं लांब नेतो. मी राहतो तिथून डी. वाय. पाटील स्टेडियम जवळ आहे. 30 ऑक्टोबर 2022 ला तिथे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेन विरुद्ध कोलंबिया. माझ्या रविवारच्या लेकरांना घेऊन मी गेलो होतो. 82 मिनिटं गोल नाही, आणि मग कोलंबियाच्या जाळ्यात चेंडू गेला. आम्ही वर बसलेलो, कोणाचा पाय लागला काही कळलं नाही. घरी आल्यावर कळलं, तो स्वयंगोल होता. कोलंबियाचीच बचावपटू, आना मारिया गुझमान, वय सतरा. स्पेन 1-0 ने जिंकलं आणि विश्वविजेतं झालं. कल्पना करा, विश्वचषकाचा अंतिम सामना, त्यात एकच गोल, आणि तो आपल्याच पायाने आपल्यावर. आपल्या पोराच्या चुकीचा व्हिडिओ एका जिल्ह्यात फिरला, तिचा जगभर.

पुढच्या वर्षी मोठ्या बायकांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. कोलंबियाच्या संघाची यादी मी मुद्दाम पाहिली. तिचं नाव होतं. बाद फेरीत जमैकाशी गाठ. नेहमीची बचावपटू दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर, तिच्या जागी प्रशिक्षकांनी या अठरा वर्षांच्या पोरीला उतरवलं. 8 ऑगस्ट 2023, मेलबर्न. 51 व्या मिनिटाला गुझमानने लांबवर क्रॉस टाकला, काटालिना उस्मेने तो पायावर घेतला आणि गोल केला. सामना 1-0. त्या एका गोलावर कोलंबियाच्या मुली पहिल्यांदा विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेल्या.

नवी मुंबई ते मेलबर्न, मी दिवस मोजले. नऊ महिने नऊ दिवस. (हसू नका. आपल्याकडे हा हिशेब कुठे लावतात ते मलाही माहीत आहे, पण आकडा खरंच तेवढाच येतो.)

लोक अशा गोष्टी सांगताना त्या मुलीच्या जिद्दीचं कौतुक करतात. करावंच. पण माझं लक्ष दुसऱ्या माणसाकडे जातं, ज्याने त्या यादीत तिचं नाव लिहिलं. "गुणी पोरगी आहे, पण त्या दिवशी बघितलं ना काय झालं, मोठ्या सामन्यात नको" असं म्हणणं किती सोपं होतं! आपल्याकडे प्रत्येक शाळेत, प्रत्येक ऑफिसात हे वाक्य रोज कोणी ना कोणी म्हणतं. ते वाक्य तिच्याबाबतीत कोणी म्हटलं नाही, किंवा म्हटलं असेल तर ऐकलं गेलं नाही, म्हणून तिच्या पायाशी पुढचा चेंडू आला.

त्याच स्पर्धेत आपल्या भारताच्या मुलीही होत्या. 11 ऑक्टोबरला भुवनेश्वरला अमेरिकेशी पहिला सामना. मध्यंतरालाच 0-5, शेवटी 0-8. टीव्हीवर बघवत नव्हतं. तीन दिवसांनी मोरोक्कोशी खेळल्या आणि त्याच मुलींनी मध्यंतरापर्यंत 0-0 धरून ठेवलं. नंतर तीन गोल झाले, सामना हरला, ब्राझीलशीही हरल्या. पण आठ गोल खाल्लेली मुलं तीन दिवसांत पंचेचाळीस मिनिटं एकही गोल होऊ देत नाहीत, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. त्या तीन दिवसांत त्यांचा खेळ काही दुपटीने सुधारला नसणार. वेळापत्रकात पुढचा सामना होता, एवढं नक्की.

मुलांचंही तसंच. 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तीन सामने, तिन्ही हरले, नऊ गोल खाल्ले, एक केला. तो एक गोल जीकसन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध, 82 व्या मिनिटाला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल. देश नाचत होता, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना परत नेला. ती पोरं पुढे संपली का? महासंघाने त्यांतल्या बऱ्याच जणांना एकत्र ठेवून आय-लीगमध्ये इंडियन ॲरोज म्हणून उतरवलं. त्यांना पुढचे सामने मिळाले. अनिकेत पुढे 2022 मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता.

इंग्लंडच्या बुकायो साकाचं तर तुम्ही पाहिलंच असेल. 11 जुलै 2021, युरो कपचा अंतिम सामना, वय एकोणीस, शेवटची पेनल्टी हुकली. त्यानंतर त्याला ज्या घाणेरड्या शिव्या पडल्या त्या इथे बोलता येणार नाहीत. त्याचे प्रशिक्षक होते गॅरेथ साउथगेट. त्यांची स्वतःची पेनल्टी वेम्बलीवरच 1996 साली जर्मनीविरुद्ध हुकली होती. 2024 च्या युरोमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा पेनल्टीची वेळ आली, तेव्हा साउथगेटनी साकाला पुन्हा पाठवलं, आणि त्याने गोल केला. पाठवणाऱ्याला त्या जागी उभं राहणं काय असतं ते ठाऊक होतं.

आता परत आपल्या मैदानावर येऊ. मी गावी होतो त्या आठवड्यात खेळाच्या सरांनी आणि मी त्या पोराला सकाळी सहाला बोलावलं, कोणी नसताना. गोलपोस्टात उभं केलं नाही. मी जुन्या चेंडूंवर मार्करने मोठे आकडे काढले होते. तो गुडघ्यांवर बसायचा, मी पाच पावलांवरून चेंडू सरपटत सोडायचो, आणि त्याने झेलायच्या आधी आकडा मोठ्याने ओरडायचा. बस्स, एवढंच. आकडा वाचायचा तर डोळे चेंडूवर ठेवावेच लागतात, हातांकडे बघायला वेळ राहत नाही. दोन चेंडूंच्या मधे एक श्वास, घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. पहिल्या दिवशी वीसमधले तीन सुटले. सुटला की आम्ही काही बोलत नव्हतो, पुढचा सोडत होतो. दुसऱ्या दिवशी तो येईल की नाही याची सरांना खात्री नव्हती. तो आला, आणि सोबत एक मित्र घेऊन आला. चौथ्या दिवशी पोस्टात उभा राहिला. पण सामन्याचं विचारलं तर मान हलवली. "पुढच्या वर्षी बघू, काका."

त्याचं ते 'पुढच्या वर्षी' माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तो खरं बोलत होता. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो कपलाही तसंच. हरलात की घरी. ज्या पोराचा एक सामना वाईट गेला, त्याला तो धुऊन काढायला पुढचा ऑगस्ट उजाडावा लागतो. भुवनेश्वरच्या मुलींना तीन दिवस, गुझमानला नऊ महिने, आणि आपल्या पोराला अख्खं वर्ष, तेही मधे एकही सामना न खेळता. त्यात तो वयोगटातून बाहेर जातो, दहावी येते, संपलं. इतकी चांगली पोरं या जिल्ह्यात खेळायची कामून सोडतात, तर मला वाटतं त्याचं एक कारण हे आहे. वाईट सामना शेवटचा सामना ठरतो.

15 सप्टेंबर 2017 ला राज्यभर एकाच दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम झाला होता, आठवतो? चांगला होता. माझ्या तक्रारीचा विषय तो दिवस नाही, 16 सप्टेंबर आहे.

म्हणून आता थेट विषयाला हात घालतो, आणि हे काही जणांना आवडणार नाही. आपल्या बॅचने जमवलेल्या पैशांतून शाळेला काय द्यायचं, याचा निर्णय आज दुपारी व्हायचा आहे. बॅचच्या नावाचा फिरता करंडक आणि दरवर्षी एक दिवसाची आंतरशालेय स्पर्धा, असा ठराव आलाय. हेतूबद्दल शंका नाही. पण ती स्पर्धाही बादच असणार. आणखी सात शाळांची पोरं सकाळी येऊन दुपारी हरून घरी जाणार, आणि करंडक मुख्याध्यापकांच्या कपाटात. माझी विनंती आहे, करंडक देऊ नका. सामने द्या.

या रविवारपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, परीक्षांचे रविवार सोडले तरी, बारा-तेरा मैत्रीचे सामने सहज होतात. बक्षीस नाही, बाद नाही, गुणतक्ता नाही. हरला तरी पुढच्या रविवारी खेळायचंच. सेलू, मानवत रोड, पूर्णा, गंगाखेडला रेल्वे आहे, जिंतूर-पाथरीला एसटी. पोरांचं तिकीट, दोन-चार चांगले चेंडू, एक शिट्टी, पोहे. खर्च करंडकाहून फार होत नाही, मी आणि सरांनी कागदावर मांडलाय, कोषाध्यक्षांकडे दिलाय. मैदानावर थोडा मुरूम टाकावा लागेल, ते आपल्यातल्या ठेकेदार मित्रांनी बघावं. तुमच्याकडे बघूनच बोलतोय.

आणखी एक. सामन्यांचे व्हिडिओ काढायचे तर काढा, पण ग्रुपवर टाकताना अडवलेले चेंडूही टाका. त्या सतरा जणांना मी वेगळं काही म्हणत नाही. त्यांनी रविवारी यावं. आमच्या जुन्या संघातले सहा जण आज आलेत, पोटं सुटलेली आहेत, पण लाथ अजून बसते. पहिला सामना आजी विरुद्ध माजी. सकाळी सात वाजता. बूट नसले तरी चालेल.

आपल्या वेळचे पीटीचे सर समोर बसलेत. सर, शिट्टी तुम्हीच वाजवायची. खुर्चीवर बसून वाजवली तरी चालेल, पण आम्हाला तीच शिट्टी ऐकायची आहे.

त्या पोराने अजून हो म्हटलेलं नाही. काल संध्याकाळी त्याने सरांना एवढंच विचारलं, की माजी विद्यार्थ्यांमध्ये जोरात मारणारं कोणी आहे का. सर म्हणाले, एक होता, आता त्याचे गुडघे दुखतात. मी मुंबईहून हातमोजे आणलेत. माप अंदाजाने घेतलंय, कदाचित मोठे होतील. ते सरांच्या टेबलावर ठेवले आहेत.